खिशातली तार

ही गोष्ट सांगायचं मी आयुष्यभर टाळलं. घरात अक्काचा विषय निघाला की मी उठून अंगणात जायचो, नाहीतर चष्मा शोधत बसायचो. नातवंडं अजून लोकांना सांगतात, आमच्या आजोबांनी बहिणीला विलायतेला पाठवलं. ऐकलं की मला एका जागी बसवत नाही. म्हणून आता लिहून टाकतो.

अक्का माझी थोरली बहीण. लवकर विधवा झाली, पुण्याला डॉक्टरीची पदवीखालची परीक्षा देऊन धुळ्याच्या बायकांच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून लागली. पहिलं महायुद्ध संपल्यावर तिला लंडनच्या एका कॉलेजात दोन वर्षांसाठी जागा मिळाली. तिथली पदवी हाती आली की दवाखाना तिच्याकडे येणार होता. त्यासाठी तिने होतं नव्हतं ते सोनं जळगावात मोडलं आणि पैसे माझ्याकडे दिले.

मी जळगावला एका मारवाडी शेठजींच्या कापसाच्या पेढीवर कारकून होतो. मुंबईहून रोज कापसाच्या भावाची तार यायची, तीत पौंडाचाही भाव असे. पेढीचा मुंबईचा आडत्या लंडनवरची हुंडी, म्हणजे तिथे पौंडात वटणारी चिठ्ठी, काढून देणार होता. मी फक्त 'घ्या' म्हणून उलट तार करायची.

त्या दिवसांत रुपया अचानक वजनदार झाला होता. एका रुपयाला अडीच शिलिंगांहून जास्त मिळत होते आणि रोज थोडे वाढत होते. तेवढ्यात अक्काची दोन वर्षं नीट निघत होती. पण मी कापसात वाढलेला. आमच्याकडे होळीपर्यंत कापसाची आवक जोरात असते, तोवर भाव दबलेला. ज्याला दम आहे तो माल धरून ठेवतो आणि आवक ओसरल्यावर विकतो. मी रुपयालाही तोच हिशोब लावला.

शेठजींनी मला हटकलं. "कापूस वखारीत डोळ्यांना दिसतो तरी. हा रुपया कुठल्या शेतात पिकतो, तुला माहीत आहे? बहिणीचं काम आहे, घेऊन टाक."

"होळीनंतर बघा शेठजी, किती चढतो ते."

"वा! कारकुनाने पेढी काढली!" असं म्हणून ते पानाच्या डब्याकडे वळले. सगळे हसले. त्या हसण्याने मी आणखीच हट्टाला पेटलो.

होळीआधीच रुपया उतरल्याची तार आली. उतार थोडाच होता, पण उतार होता. तारवाला दारातून ओरडला, "भाऊ, तार उनी शे!" मी वाचली, घडी करून खिशात घातली. पाच मिनिटांत दारात टांगा थांबला आणि अक्का उतरली. धुळ्याहून चाळीसगावला गाडी बदलून, न कळवता आली होती.

"मला झोप लागत नाही रे," ती उभ्यानेच म्हणाली. "आज जो भाव असेल तो घे. मला काही बाजार खेळायचा नाही, मला जायचंय."

कापसाच्या बाजारात दलाल रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून भाव ठरवतात. बोटं काहीही सांगोत, चेहऱ्यावर उमटू द्यायचं नाही, हे मी पहिल्याच वर्षी शिकलो होतो. त्या दिवशी मी तोच चेहरा बहिणीपुढे धरला.

"आजची तार यायचीय अजून," मी म्हणालो. "कालपर्यंत चढताच होता. तू परत जा, मी बघतो."

"नक्की?"

"अक्का, रोज हेच तर करतो मी."

ती चहासुद्धा न घेता स्टेशनवर गेली. मला कालचा भाव परत हवा होता, एवढंच. एक दिवस थांबलो, मग आठवडा. होळी झाली, पाडवा झाला. रोज तार फोडायचो, रोज भाव उतरलेला, आणि रोज वाटायचं, आता वळेल. शेवटी दोन शिलिंगांच्याही खाली हुंडी घेतली. दोन वर्षांचे पैसे सव्वा वर्षावर आले.

तरी ती गेली. उन्हाळ्याची सुट्टीही न घेता शिकली, आणि पैसे संपल्यावर पदवीशिवाय परत आली. त्याच दवाखान्यात, त्याच मदतनिसाच्या जागेवर. पुढे तिच्या हाताखाली तयार झालेली मुलगी तिची वरिष्ठ झाली.

तिने मला कधी दोष दिला नाही. बाजारच पडला, त्याला कोण काय करणार, असं म्हणायची. दर भाऊबीजेला मी धुळ्याला जायचो. ठरवून जायचो, की आज सांगायचं. ती ओवाळताना शेजारणीला म्हणायची, "याने फार धडपड केली हो माझ्यासाठी." मी ताटात नेहमीपेक्षा जास्त टाकायचो. ती ओरडायची, "वेडा आहेस का?" मी पाटावरून उठायचो आणि पहिल्या गाडीने परत फिरायचो.

इंग्रज जायच्या आदल्या वर्षी ती त्याच दवाखान्यात रुग्ण म्हणून पडली. मी दोन दिवस उशाशी बसलो. वाक्य तयार होतं. तिने डोळे उघडले आणि विचारलं, "जेवलास का?" मी हो म्हणालो, आणि पाणी आणायला बाहेर गेलो. व्हरांड्यात येरझाऱ्या घालत राहिलो. आत आलो तेव्हा ती झोपली होती. मग तिला शुद्ध आली नाही.

वाक्य एवढंच होतं: अक्का, तू आलीस तेव्हा तार माझ्या खिशात होती. मला माफ कर.