दगडांची खोली

हत्तीची अंबारी दुसऱ्या कुठल्याच दारातून आत जाईना, म्हणून माझे दगड बाहेर काढायचं घाटत होतं.

गोष्ट देवासची. संस्थानं विलीन होऊन थोडीच वर्षं झाली होती. थोरली पाती आणि धाकटी पाती, दोन्ही दरबारांचं जुनं सामान एका इमारतीत आणून सरकारने लहानसं म्युझियम उघडलं होतं. मी मूळचा धारचा. तिथे माझी क्यूरेटर म्हणून नेमणूक झाली. क्यूरेटरने वस्तू जमवायच्या, जपायच्या आणि लोकांना समजावून सांगायच्या. पहिली दोन कामं मला येत होती.

दगड म्हणजे अश्मयुगातली हत्यारं. डहीच्या बाजूला नर्मदेला मिळणारे नाले आहेत, तिथे हिंडून मी ती गोळा केली होती. मुठीत धरायच्या हातकुऱ्हाडी, कातडं खरवडायच्या तासण्या. माणसाला धातू ठाऊक नव्हता तेव्हाची. सगळ्यांत मोठी खोली मी त्यांना दिली. हिंदीत आणि मराठीत लेबलं लिहिली. लोक तलवारींपाशी तासन्‌तास रेंगाळत आणि माझ्या दारातूनच विचारत, "इधर सामान लगना बाकी है क्या?" एका शेतकऱ्याने मला बाजूला घेऊन सांगितलं, की आमच्या खेतात याहून बरे दगड आहेत, हवे तर गाडी भरून आणतो. तो थट्टा करत नव्हता. त्याला माझी खरोखर दया आली होती.

हेडक्लार्क नानासाहेब दरबारच्या नोकरीतून आलेले. दिसेल त्याला मी लेक्चर देतो, म्हणून मला मास्तर म्हणत. अंबारी व्हरांड्यात पडून होती, तिचा त्यांना फार त्रास होई.

"मास्तर, अंबारीत महाराज बसत," ते म्हणाले. "तुमच्या दगडांवर कोण बसलं होतं?"

 खोलीचा निकाल आमच्या खात्याचे ग्वाल्हेरचे साहेब इन्स्पेक्शनला येतील तेव्हा लावणार होते. लेबलं साहेबही वाचणार नाहीत हे मला माहीत होतं. तेव्हा ठरवलं, वाचायला द्यायचं नाही, करून दाखवायचं.

जुनी हत्यारं त्या कामाची नव्हती. नदीत गडगडून त्यांच्या कडा कधीच बोथट झालेल्या. मी नाल्यातून ताजी गारगोटी आणली आणि घराच्या मागच्या अंगणात बसून गोट्याने फोडायला लागलो. फटका नेमक्या कोनात बसला की पातळ, धारदार छिलका निघतो. नाही बसला तर बोट सुजतं. माझी बोटं सुजली. पुस्तकात हे दोन ओळींत आटोपलं होतं. सौभाग्यवतींनी शांतपणे विचारलं, की दगडच फोडायचे होते तर एम. ए. कशाला केलं. शेजारपाजारचेही तेच विचारत असावेत.

साहेब आले. तलवारी पाहिल्या, अंबारीला हात लावून पाहिला. माझ्या खोलीत आले तेव्हा त्यांचं अर्धं लक्ष घड्याळाकडे होतं. मी हिमयुगापासून सुरुवात केली. त्यांनी जांभई दाबली. मग मी परवानगी मागून जमिनीवर बसकण मारली आणि गारगोटी फोडली. पहिला फटका वाया गेला. नानासाहेब खिडकीबाहेर बघू लागले. दुसऱ्या फटक्याला छिलका निघाला. पागेतला जाड चामड्याचा पट्टा जवळ ठेवला होता, तो मी त्या छिलक्याने कापला. लोण्यासारखा कापला गेला असं म्हणणार नाही, पण कापला गेला.

साहेब म्हणाले, "पट्टा पहले से कटा होगा।"

मी नाही म्हणालो. त्यांनी छिलका माझ्या हातातून घेतला आणि, मी थांबा म्हणेपर्यंत, न्हावी वस्तरा पाहतो तसा कडेवरून अंगठा फिरवला.

रक्त थांबेना. नानासाहेब टिंक्चर, टिंक्चर म्हणत धावले. चपराशी भेरू डॉक्टरकडे पळाला. मी मनात बदलीचं गाव शोधत होतो. साहेब खुर्चीत बसले, अंगठ्याला रुमाल गुंडाळलेला. बराच वेळ त्या छिलक्याकडे पाहत राहिले.

"इससे वे लोग क्या काटते थे?"

दोन वर्षांत त्या खोलीत कुणी विचारलेला हा पहिला प्रश्न. मी सांगितलं: मांस, कातडं, लाकूड. त्यांनी आणखी विचारलं, मी आणखी सांगितलं. घड्याळ कुणी पाहिलं नाही. निघताना ते म्हणाले, "कमरा रहने दीजिए। मगर यह तमाशा दुबारा नहीं।"

इथे सुख संपलं. बाजाराच्या दिवशी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. सगळ्यांना एकच पाहायचं होतं, साहेबाचा अंगठा कापणारा दगड. मी तो आधीच कचऱ्यात टाकायला दिला होता, पण भेरूने जपून ठेवला होता. शेवटी तो मांडावा लागला. मी प्रामाणिकपणे लेबल लावलं, 'हा नमुना म्युझियमच्या कर्मचाऱ्याने याच वर्षी तयार केला आहे.' कुणी वाचलं नाही. लाखो वर्षं जुनी हातकुऱ्हाड शेजारी पडून राही आणि लोक माझी त्या आठवड्यातली करामत डोळे विस्फारून बघत. दारात भेरू सांगे, "धीरे भिया, इसी ने साहब का अंगूठा लिया।" पुढच्या बाजारापर्यंत अंगठ्याचा हात झाला.

मी त्याला झापलं. तो म्हणाला, "साहब, आप लाखों बरस की बोलो तो चले, मैं एक हाथ की बोलूँ तो झूठ?"

नानासाहेब हसले. अंबारी अजून व्हरांड्यातच होती, तरी हसले.

वैतागून मी त्या गर्दीत उभा होतो. एका म्हाताऱ्या बाईने माझा दगड पाहून घेतला, पण ती निघाली नाही. शेजारच्या फळीवरची हातकुऱ्हाड उचलायला तिने हात पुढे केला होता. मध्येच थांबून तिने मला विचारलं, "ई बी काटे कई?"

मी म्हटलं, "काटते थे, माँजी। बहुत पहले।"

तिने चटकन हात मागे घेतला. मग वाकून, अंतर राखून, एकेक हत्यार नीट पाहत ती फळीच्या टोकापर्यंत गेली.

नोकरीत मी एवढंच शिकलो. वस्तू किती जुनी आहे हे लोक विचारत नाहीत, ती काय करू शकते हे विचारतात. वर्षं नंतर सांगावीत, आणि धार साहेबांच्या हाती देऊ नये.