मामांची विहीर आणि मोरचूद

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही — आणि तिला मी सहसा सगळं सांगतो, न विचारलेलंसुद्धा. तुम्ही म्हणाल, असं काय केलंस बाबा? खून वगैरे नाही हो. एक बाटली नीट धुतली नव्हती. पण तेवढंच असतं तर —

थांबा, आधी माझा थाट ऐका. सासष्टचा उन्हाळा. सांगलीच्या एका कॉलेजात मी रसायनशास्त्राचा नवाकोरा डेमॉन्स्ट्रेटर. खिशाला तीन पेनं, लिहिणारं एकच. माझं आजोळ माण तालुक्यातलं. तिथं माझ्याएवढं कुणी शिकलेलं नव्हतं. त्या गावच्या विहिरीचं पाणी तुरट लागायला लागलं, एक-दोघांना ओकाऱ्या झाल्या. मामांचा संशय बिरूवर. बिरू मेंढपाळ, विहिरीजवळच्या खड्ड्यात मोरचुदाचं पाणी करून मेंढरांचे सडलेले खूर धुवायचा. मोरचूद म्हणजे तांब्याचं विष. मी मामांना बाटली दिली, ते ती विहिरीच्या पाण्यानं भरून कॉलेजात घेऊन आले.

मामांसमोरच मी पाण्यात आयोडाईड घातलं — तपकिरी! स्टार्च घातला — गर्द निळं! मग ब्युरेटमधून, म्हणजे खुणांच्या काचनळीतून, हायपो थेंब थेंब सोडत तो निळा रंग घालवला, आकडेमोड केली आणि जाहीर केलं, "तांबं आहे. भरपूर."

"लय हुशार हाईस रं गड्या!" मामा उठून उभेच राहिले. एवढं कौतुक मला आधी कुणी केलं होतं का?

दुसऱ्या दिवशी शिपाई विचारायला आला, "सर, मोरचुदाची रिकामी बाटली कुठं दिसंना की."

तीच बाटली मी घाईत नुसती खळबळून मामांना दिली होती.

रविवारी गावी जाऊन गुपचूप पाणी आणलं, स्वच्छ बाटलीतून. आयोडाईड घातलं, स्टार्च घातला. पाणी ढिम्म! निळं सोडाच, पिवळंसुद्धा होईना. उन्हाळ्यानं तळाला गेलेलं कुजकं पाणी होतं ते, दुसरं काय?

पण तोवर गावानं बिरूला विहीर बंद केली होती. आणि पारावर मामा माझ्या परीक्षेची गोष्ट रोज नवा मसाला घालून सांगत होते. एक पोस्टकार्ड पुरलं असतं. मी टाकलं का? बिरूची मेंढरं उन्हाळाभर लांबच्या डबक्यावर गेली. काही वाटेत बसली, ती उठलीच नाहीत.

पाऊस झाला, विहीर भरली, गाव सगळं विसरलं. मार्गशीर्षात माझं लग्न झालं. मांडवात बिरू आला, खांद्यावर नवीकोरी घोंगडी. मला बाजूला घेऊन म्हणाला, "मास्तर, चूक माझीच. खड्ड्यातनं पाझरलं आसंल, मला न्हाई कळलं. तुमी शोधलं म्हनून, न्हाईतर कुनाचा तरी जीव गेला आसता." आणि घोंगडी माझ्या खांद्यावर घालून त्यानं हात जोडले.

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं — आणि म्हणालो, "असू दे बिरू. होतं असं कधी कधी."

माफ केलं मी त्याला! मी!

बिरू खूश झाला. पंगतीत बसून मागून मागून जेवला. घोंगडी मी ठेवून घेतली. फार वर्षं पांघरली. ऊबदार होती.