एका कनेक्शनवरची चार बिऱ्हाडं

निपाणीच्या एका गल्लीतून सत्तरीच्या गृहस्थांना मी भरदुपारी जीपमध्ये बसवून नेलं. ती घटना आजही आठवते, आणि आठवली की थोडी टोचते.

मी तेव्हा बेळगावच्या सायबर ठाण्यात इन्स्पेक्टर होतो. निपाणीतल्या एका शिक्षिकेची तक्रार आली होती. तिचं नाव आणि फोटो वापरून कुणीतरी खोटं खातं उघडलं होतं आणि त्यावरून विद्यार्थ्यांच्या वडिलांना घाणेरडे मेसेज जात होते. चौकशी होईपर्यंत शाळेने तिला घरी बसवलं. पुढची मुख्याध्यापिका म्हणून तिचंच नाव होतं, तेही थांबलं. जबाब देताना ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "साहेब, पालक मला रस्त्यात बघून वाट बदलतात. लवकर शोधा."

इंटरनेट कंपनीकडून माहिती मागवली. सगळे मेसेज एकाच घरगुती कनेक्शनवरून गेले होते. ते एका निवृत्त तंबाखू व्यापाऱ्याच्या नावावर होतं. त्याच आठवड्यात ठाण्यात निनावी फोन आला की त्या घरातला म्हातारा दिवसभर कॉम्प्युटरसमोर असतो, त्याला विचारा. दोन्ही धागे एकाच दाराशी गेले. मला वाटलं, काम झालं.

त्या गृहस्थांना गल्लीत सगळे अण्णा म्हणत. कनेक्शन आपलंच आहे हे त्यांनी लगेच कबूल केलं. गल्ली बघत असताना ते मुकाट्याने जीपमध्ये बसले. ठाण्यात तीन तास मी त्यांना उलटसुलट विचारलं. माझा अनुभव असा, की गुन्हा केलेला माणूस पोलिसांकडे काय पुरावा आहे याचा अंदाज घेत राहतो. अण्णांनी मला एकच प्रश्न विचारला, "त्या बाई आता शाळंत जात्यात का?"

मी पेन खाली ठेवलं आणि जो प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा होता, तो तेव्हा विचारला. हे कनेक्शन आणखी कोण वापरतं?

"चार बिऱ्हाडं हायत, साहेब. आमचं एक आन् भाडेकऱ्यांची तीन. राउटर एक, पासवर्ड एक. कुणाला न्हाय म्हणू?"

बाहेरून पाहिलं तर त्या चारही घरांतले कॉम्प्युटर एकाच पत्त्यावरचे दिसणार. प्रशिक्षणात हे मी शिकलो होतो, पण घाईत विसरलो. तुमचा संशय कुणावर, असं विचारल्यावर अण्णांनी नकारार्थी मान हलवली. "मी बघितलं न्हाय. नाव कसं घेऊ?" त्यांना घरी जाऊ दिलं.

दुसऱ्या दिवशी साध्या कपड्यांत पुन्हा गेलो. सोबत संगणकाची जाणकार एक महिला कॉन्स्टेबल होती. मागच्या खोल्यांत एक नर्स आणि एक शिंपी कुटुंब राहत होतं. माडीवरचे तिसरे भाडेकरू त्या शिक्षिकेच्याच शाळेत शिक्षक होते. त्यांनी आम्हाला आग्रहाने चहा पाजला. आपल्याकडे फक्त मोबाइल आहे, असं सांगितलं. मग आवाज उतरवून म्हणाले, "अण्णा रविवारी दुपारी तर कॉम्प्युटरवरून उठतच नाहीत."

मेसेज रविवारी दुपारीच जात, हे खरं होतं. पण ते आम्ही कुणालाही सांगितलं नव्हतं.

खाली येऊन अण्णांच्या पत्नीला सहज विचारलं. आक्का म्हणाल्या, "रविवारी दुपारी ह्ये बस्तीत असत्यात, प्रवचनाला." बस्ती म्हणजे तिथलं जैन मंदिर. तिथल्या दोघांनी ते खरं असल्याचं सांगितलं.

तोवर कॉन्स्टेबलने राउटरची नोंद उघडली होती. त्याला जोडलेल्या प्रत्येक यंत्राचं नाव तिथे दिसतं. मोबाइलच्या गर्दीत एक लॅपटॉप होता आणि त्याला शाळेचं नाव होतं. शाळेच्या रजिस्टरमध्ये तो घेतल्याची सही माडीवरच्या शिक्षकांची निघाली. पंचांसमक्ष झडती घेतली. लॅपटॉप कपाटात चादरींखाली होता आणि ते खोटं खातं त्यात उघडंच होतं. निनावी फोनही त्यांचाच निघाला. मुख्याध्यापकपदासाठी त्या शिक्षिकेनंतर त्यांचा नंबर होता.

त्यांनी पाणी मागितलं. पिऊन झाल्यावर म्हणाले, "कनेक्शन अण्णांचं. तुम्ही त्यांच्यापर्यंतच थांबाल असं वाटलं होतं."

मी खरोखरच थांबणार होतो.

शिक्षिका कामावर परतली त्या दिवशी मी गणवेशात शाळेत गेलो आणि पालकांसमोर सगळी हकीकत सांगितली. तिथून जीप अण्णांच्या दारात नेली. त्यांच्या कट्ट्यावर बसून गल्लीदेखत चहा घेतला आणि सर्वांसमोर त्यांची माफी मागितली. आता इतरांचं कनेक्शन बंद करणार का, असं विचारलं. अण्णा म्हणाले, "एकानं घाण केली म्हणून नर्सबाईच्या पोरीचा अभ्यास कशाला थांबवू?" प्रत्येकाला वेगळा पासवर्ड कसा द्यायचा, तेवढं मात्र त्यांनी आमच्या कॉन्स्टेबलकडून शिकून घेतलं.

पुढे माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येक अधिकाऱ्याला मी ही केस सांगितली. कंपनीच्या कागदावर ज्याचं नाव असतं, तो आपल्याला भेटणारा पहिला साक्षीदार असतो. त्याच्या दारात चप्पल काढावी, शांतपणे बसावं आणि या घरात आणखी कोण कोण राहतं, हे आधी विचारावं. तपास तिथून सुरू होतो.