पलीकडून दिलेलं मत

प्रबोध गजभिये गेल्याचं सुजातावहिनींनी फोनवर सांगितलं, तेव्हा मी जर्मनीत, कार्ल्सरूहेच्या ट्राममध्ये उभा होतो. हृदयविकाराचा झटका आला आणि दवाखान्यात पोचायच्या आतच सगळं संपलं. वहिनी शांतपणे बोलल्या, फोन ठेवला... मी मात्र तो कानालाच धरून राहिलो. त्या घरचा फोन ‘जय भीम’शिवाय संपतो, हे कानाला पटेना. प्रबोध प्रत्येक फोनचा शेवट तसाच करायचा, मग समोर मी असो, नाहीतर व्हिसाच्या कचेरीतला कारकून. त्याच्या जर्मन घरमालकीणबाई तर पुढेपुढे स्वतःच आधी ‘जय भीम’ म्हणून मोकळ्या व्हायच्या.

तो नागपूरचा, इथल्या तांत्रिक विद्यापीठात संशोधक. मी पुण्याचा, गाड्यांचे गिअर बनवणाऱ्या कंपनीत. आमची मैत्री जमली ती जेवणावरून, आणि टिकली ती भांडणांवरून. भांडणाचा एक हक्काचा विषय म्हणजे मे महिन्यातली ती गाण्याची स्पर्धा. युरोपातला एकेक देश एकेक गाणं पाठवतो, सगळे देश ते टीव्हीवर बघतात आणि फोन करून मतं देतात. मला तो निव्वळ झगमगाट आणि धूर वाटायचा. प्रबोध मात्र त्या दिवशी सावजी रस्सा करायचा, मला बोलवायचा आणि प्रत्येक गाण्याला जोरजोरात नावं ठेवत अत्यंत सुखात असायचा.

त्याची मुलगी यशोधरा तेव्हा दहा वर्षांची होती. मराठी सगळं समजायचं, उत्तर जर्मनमध्ये यायचं. स्पर्धेला जर्मनीतर्फे कोणतं गाणं जावं हेही इथे आधी लोकांच्या फोनवरच ठरायचं. त्या वर्षी यशूनं बापाच्या मागे लागून आपल्या आवडत्या गाण्याला मत दिलं आणि नेमकं तेच निवडलं गेलं. घरात लग्न ठरल्यासारखा आनंद. अंतिम फेरीच्या संध्याकाळी मात्र तिला कळलं, की आता आपल्याच देशाला मत देता येत नाही, मत द्यायचं ते दुसऱ्याला. जर्मनीची गाणी तर बहुतेकदा तळालाच असायची. ‘उनफेअर’ आहे हे, म्हणत ती रडायला लागली. प्रबोध समजूत घालायला गेला, तर ती जर्मनमध्ये फटकन म्हणाली, “तुला काय फरक पडतो? हा तुझा देश थोडाच आहे?”

प्रबोधनं भारताचा पासपोर्ट सोडला नव्हता, हे तिला माहीत होतं. त्यानं गाडीची किल्ली उचलली.

“चल भाऊ, फ्रान्सला जाऊ. तिथून देता येते मत.”

आमच्याकडून ऱ्हाईन ओलांडली की अर्ध्या तासात फ्रान्स. तरीही मी म्हणालो, “रस्सा गार होईल. आणि एका मतानं काय होणार आहे?”

“हे आमच्या घरी नाही म्हणायचं,” तो म्हणाला. “पहिल्या मतासाठी माझा आजा दोन कोस चालत गेला होता. आपल्याला तर गाडी आहे.”

यशूला घेऊन आम्ही निघालोच. सीमेपलीकडच्या पहिल्याच गावात एक छोटं कॅफे उघडं होतं. मालकीणबाई तिकडच्या, जर्मनसारखीच बोली बोलणाऱ्या. टीव्ही चालूच होता. आमचं म्हणणं ऐकून त्या पोट धरून हसल्या. “म्हणजे तुम्ही भारतीय, आणि फ्रान्समधून जर्मनीला मत देणार?”

“गेनाऊ,” अगदी बरोबर, प्रबोध म्हणाला.

सगळी गाणी झाल्यावर फोन सुरू झाले. बाईंनी आपला फोन पुढे सरकवला. प्रबोधनं नंबर फिरवला, ध्वनिमुद्रित आवाजानं फ्रेंचमध्ये आभार मानले, आणि या पठ्ठ्यानं त्या यंत्रालाही गंभीरपणे “जय भीम” म्हणून फोन ठेवला. यशू इतकी हसली, की तिला ठसकाच लागला. निकालात आमच्या मताचा मागमूसही लागला नाही, गाणं जिथे जायचं तिथे गेलं. येताना मात्र यशूनं मला मागे पिटाळलं आणि ती बापाच्या शेजारी बसली. तेव्हापासून ही आमची वारीच होऊन बसली. दर मे महिन्यात आम्ही तिघं त्या कॅफेत जायचो, आंबट मलई आणि कांदा घातलेली तिथली पातळ भाकरी खायचो आणि पडणाऱ्या गाण्याला मत देऊन यायचो. माझ्या परदेशातल्या वर्षांमधल्या त्या सगळ्यात सुखाच्या संध्याकाळी होत्या.

यंदा प्रबोधला जाऊन दीडच महिना झाला होता. मी टीव्हीसुद्धा लावणार नव्हतो. तेवढ्यात बेल वाजली. दारात यशू उभी, अठरा वर्षांची, हातात बापाच्या गाडीची किल्ली.

“काका, फाहरेन वीर?” निघायचं का, एवढंच तिनं विचारलं.

कॅफेतल्या बाईंनी सवयीनं तीन कप मांडले आणि दाराकडे पाहिलं. यशूनं त्यांना हळू आवाजात सांगितलं. तिसरा कप मात्र बाईंनी उचलला नाही. वेळ झाली तशी त्यांनी फोन तिच्यापुढे सरकवला. यशूनं नंबर फिरवला. पलीकडून आभार मानून झाले, तरी ती थोडा वेळ फोन कानाशी धरून होती. मग स्पष्ट आवाजात म्हणाली, “जय भीम,” आणि फोन ठेवला.