दुसऱ्या मजल्यावरच्या बाथरूमचा दोष नव्हता

आमच्या सोसायटीच्या सभेची जी वही आहे, तिच्यात असं लिहिलेलं आहे की पहिल्या मजल्यावरच्या माझ्या बेडरूमच्या भिंतीला आलेली ओल दुसऱ्या मजल्यावरच्या बाथरूममधून उतरत होती. ठरावाखाली सूचक म्हणून माझी सही आहे. सही खरी आहे, बाकी सगळं खोटं आहे. आयुष्यात मी आणखीही चुका केल्या असतील, पण त्या आता नीट आठवत नाहीत. ही एक वारासकट आठवते, म्हणून आधी ही लिहून टाकतो.

दुसऱ्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका एकट्या राहतात. शाळेत गणित शिकवायच्या. सगळी सोसायटी त्यांना नुसतं 'बाई' म्हणते. माझ्या बायकोची आणि त्यांची मैत्री आम्ही इथे राहायला आलो त्या आठवड्यापासूनची. रोज संध्याकाळी दोघी मार्केट यार्डच्या बाजूने एक चक्कर मारून यायच्या. परत आल्या तरी बोलणं संपलेलं नसायचं, मग जिन्यात अर्धा तास. ही मैत्री माझ्यामुळे तुटली, आणि त्याला कारण एक न घासलेली टाकी, हे आजही कुणाला सांगताना मला विचित्र वाटतं.

आमची बेडरूम उत्तरेकडची. पावसाळ्यात तिथे ऊन येत नाही, वाराही विचार करून येतो. कपाटातला माझा पट्टा हिरवा व्हायचा, बायकोच्या शालूवर पांढरे ठिपके यायचे. मुख्य म्हणजे त्या दमट हवेने तिची छाती भरून यायची. आमची मुलगी खराडीला एका कंपनीत आहे. तिने एका रविवारी गाडीतून एक पांढरं यंत्र आणलं, डीह्युमिडिफायर. दिसायला लहान मुलाच्या बॅगेएवढं. ते खोलीतली हवा आत ओढतं, हवेतलं पाणी काढून टाकीत साठवतं आणि कोरडी हवा बाहेर सोडतं.

"बाबा, एकच आहे," मुलगी म्हणाली. "हे दर रविवारी साफ करायचं. नाहीतर आतली बुरशी आईच्या छातीत जाईल."

"मला सांगतेस? सगळी नोकरी देखभाल खात्यात इन्स्पेक्टर म्हणून काढली मी."

"म्हणूनच सांगतेय. तुम्ही दुसऱ्यांनी पुसलेलं तपासत होतात. स्वतः काही पुसल्याचं आईला आठवत नाही."

बायकोने आतून "नाहीच आठवत" असं सांगितलं.

मी इरेला पेटलो. पट्टीने रेघा मारून एक तक्ता केला. चार कामं: फिल्टर काढून नळाखाली धुणे, टाकी साबणाने घासणे, मागची जाळी ब्रशने झाडणे आणि फ्लोट पुसणे. फ्लोट म्हणजे टाकीतला अंगठ्याएवढा तरंगता ठोकळा. पाणी चढलं की तो वर येतो आणि यंत्राला कळतं की टाकी भरली, आता थांबा. तक्ता भिंतीवर लावला. पहिल्या रविवारी चारही कामं केली. फिल्टरमधून निघालेली धूळ बायकोला बोलावून दाखवली. दुसऱ्या रविवारीही केली, पण बघायला ती आली नाही. तिसऱ्या रविवारी नुसता फिल्टर धुतला. चौथ्या रविवारी मी फक्त पेन घेतलं.

कारखान्यात ऑडिटच्या आदल्या दिवशी आमच्याकडे महिनाभराचे तक्ते एका बैठकीत भरले जायचे, आणि ते पकडण्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता. सगळ्या खुणा एकाच शाईच्या असल्या की मी ओळखायचो. ते ज्ञान उतारवयात कामी आलं. एक खूण निळी, एक काळी, एक जरा घाईत मारल्यासारखी तिरकी. श्रावणाचे सगळे रविवार मी एका रविवारी उरकले. मुलगी आली, तिने तक्ता पाहिला आणि म्हणाली, "सॉरी हं बाबा." मी मोठ्या मनाने असू दे म्हटलं.

टाकी मात्र मी रोज सकाळी रिकामी करायचो. ती काठोकाठ भरलेली असायची, इतकी की बाथरूमपर्यंत नेताना माझा पायजमा भिजायचा. मी बायकोला अभिमानाने म्हणायचो, "बघ, किती ओढतंय!" टाकी काठोकाठ भरायच्या आधीच यंत्राने थांबायला हवं, हे माहितीपुस्तकात लिहिलं होतं. माहितीपुस्तक मी इतरांना वाचायला लावत आलो होतो, मी कशाला वाचू?

गणपतीच्या सुमाराला कपाटाच्या मागच्या भिंतीला, खाली, ओल दिसली. आधी ताटाएवढी, मग परातीएवढी, मग रंगाचे पोपडे. आम्ही घाबरलो आणि यंत्र आठ तासांऐवजी सोळा तास चालवायला लागलो. ओल वाढली. मग चोवीस तास. ओल आणखी वाढली. मुलीला फोन केला तर ती म्हणाली, "बरं झालं मशीन आहे, नाहीतर काय झालं असतं!"

प्लंबर आला. त्याने भिंतीवर दोन ठिकाणी टिचकी मारली, कान लावला आणि वर बोट केलं.

"काका, लाइन वरूनच उतरतीय. वरच्यांचं बाथरूम. डक्टमधून खाली येऊन तुमच्या भिंतीत मुरतंय."

"नक्की?"

"पाणी काय खालून वर जातं का?"

हा मुद्दा मी लगेच मान्य केला. कारखान्यातली सवय, म्हणून सोसायटीला आकृतीसह तीन पानी अर्ज दिला. आकृतीत बाईंच्या बाथरूममधून बाण निघून माझ्या कपाटामागे येत होते. बाण लाल शाईने काढले होते.

सभेत बाई म्हणाल्या, "माझं बाथरूम कोरडं आहे. येऊन बघा. चपला काढून या मात्र."

सेक्रेटरी मध्यममार्गी गृहस्थ. त्यांनी चाचणी सुचवली. बाईंनी आठ दिवस ते बाथरूम अजिबात वापरायचं नाही. तेवढ्यात भिंत सुकली, तर दोष त्यांचा. बाई तयार झाल्या. खात्री असलेलं माणूस लगेच तयार होतं, हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं. आठ दिवस त्या आंघोळीला कात्रजला भावाकडे बसने जाऊ लागल्या.

आणि नेमकं त्याच आठवड्यात, नातवाला ताप आला म्हणून, आम्ही दोघं खराडीला जाऊन राहिलो. जाताना घरातली सगळी बटणं बंद केली. बंद करायलाच हवीत, उगाच जोखीम कशाला.

परत आलो तर भिंत सुकत आलेली. सेक्रेटरींनी येऊन तळहात लावून पाहिला. "सिद्ध झालं," ते म्हणाले. मी ठराव मांडला, एकमताने मंजूर झाला. बाईंनी मतच दिलं नाही. उठताना माझ्या बायकोला एवढंच म्हणाल्या, "तुला तरी वाटलं होतं का गं?" बायको माझ्याकडे बघत राहिली. ती काही बोलली असती तर माझ्याविरुद्ध बोलावं लागलं असतं. ती बोलली नाही, आणि बाईंनी तेवढंच लक्षात ठेवलं.

बाथरूमचं काम सुरू झालं. फरश्या फुटल्या. काम एकवीस दिवस चाललं आणि एकवीस दिवस बाई रोज सकाळी कपड्यांची पिशवी घेऊन जिना उतरायच्या. आमच्या दाराशी आल्या की, कुणी विचारलेलं नसताना, खणखणीत आवाजात सांगायच्या, "आंघोळीला निघालेय! कात्रजला!" शाळेत शेवटच्या बाकापर्यंत पोचवलेला आवाज तो. समोरच्या इमारतीतले लोकही घड्याळ लावायला लागले.

इकडे आम्ही यंत्र पुन्हा सुरू केलं होतं आणि भिंत पुन्हा ओली व्हायला लागली होती. प्लंबर म्हणाला, "मुरलेलं पाणी आहे काका, निघायला वेळ घेणार." सगळ्यांनी मान डोलावली. त्याच्याजवळ प्रत्येक गोष्टीला उत्तर होतं.

फरश्या फोडल्याच्या चौथ्या दिवशी यंत्राला नाल्यासारखा वास यायला लागला. बायको देवळात गेली होती. मी टाकी ओढून उजेडात धरली, आणि कित्येक आठवड्यांनी नीट आत पाहिलं. तळाला बोटभर गुळगुळीत करडा थर साचला होता. त्या थरात फ्लोट खाली रुतून बसला होता, हलायला तयार नाही. म्हणजे टाकी भरली हे यंत्राला कधी कळतच नव्हतं. ते बिचारं हवेतलं पाणी ओढत होतं, टाकी काठावरून मागे सांडत होती, तिथल्या उतरत्या फरशीवरून पाणी कपाटाखाली जात होतं आणि भिंतीत शिरत होतं. आम्ही पाऊण शहराची ओल हवेतून काढून स्वतःच्या भिंतीत भरत होतो. आणि पाणी खालूनच वर चढत होतं.

मी दार लावून घेतलं. टाकी घासली, फ्लोट जुन्या टूथब्रशने मोकळा केला, फिल्टर धुतला. त्या फिल्टरकडे बघून मी नोकरीत एखाद्याला निलंबित केलं असतं. वरून हातोड्याचे आवाज येत होते. तेव्हाच वर जाऊन सांगता आलं असतं. मी स्वतःला समजावलं, की फरश्या तर फुटल्याच आहेत, आता सांगून त्या जुळणार आहेत का? हा विचार मला त्या वेळी फार तर्कशुद्ध वाटला.

भिंत आठवड्यात सुकली. श्रेय वरच्या फोडाफोडीला मिळालं. त्यानंतर बाई बायकोशी बोलेनाशा झाल्या. जिन्यात भेटल्याच तर तिच्या पायांकडे बघून म्हणायच्या, "पाय भिजत नाहीत ना आता, माझ्या पाण्याने?" बायको संध्याकाळी एकटीच फिरायला जायची आणि दहा मिनिटांत परत यायची. "आलीस?" म्हटलं की म्हणायची, "एकटीने काय फिरायचं? चालायचं नुसतं." मी मात्र दर रविवारी फ्लोट पुसत राहिलो. दोन पावसाळे. इतका स्वच्छ फ्लोट पुण्यात दुसरा नसेल.

यंदाच्या वार्षिक सभेत तिसऱ्या मजल्यावरच्या एका कुटुंबाने छताला ओल आल्याची तक्रार केली. सेक्रेटरींनी उत्साहाने जुनी वही काढली. "आपल्याकडे याचा दाखला आहे," ते म्हणाले. "त्या ठरावावरून आता नियमच करू. ओल दिसली की वरच्याने आधी फरशी फोडायची." आणि माझा ठराव वाचायला लागले.

मागच्या रांगेतून बाईंचा आवाज आला, "मोठ्याने वाचा. माझा फ्लॅट नंबर येतो त्यात. नीट ऐकू येऊ दे सगळ्यांना."

माझे पाय आपोआप उभे राहिले. तोंडातून मात्र वेगळंच निघालं. "अध्यक्ष महाराज, सदर प्रकरणी तांत्रिक स्वरूपाचा खुलासा करणे इष्ट वाटते, की आर्द्रतानियंत्रक उपकरणाच्या प्रतिबंधात्मक देखभालीमध्ये काही अंशी—"

"मराठीत सांगा," बाई म्हणाल्या.

"मी टाकी धुतली नाही," मी म्हणालो.

मग सगळं सांगितलं. तक्ता, पेनं, फ्लोट, सगळं. सेक्रेटरी केविलवाणे झाले. "अहो, पण आपण चाचणी घेतली होती! आठ दिवस!"

"त्या आठ दिवसांत आम्ही खराडीला होतो. यंत्र बंद होतं."

कुणीतरी फस्सकन हसलं. मग बरेच जण हसले. बाई हसल्या नाहीत.

"एकच विचारते," त्या म्हणाल्या. "तुम्हाला हे कळलं कुठल्या दिवशी?"

मला याच प्रश्नाची दोन वर्षं भीती होती. "फरश्या फोडल्याच्या चौथ्या दिवशी."

"काम एकवीस दिवस चाललं. म्हणजे पुढचे सतरा दिवस मी कात्रजला आंघोळीला गेले, आणि तुम्ही दाराआडून ऐकत होतात. तुम्हाला माहीत असताना."

"हो."

"बरोबर," बाई म्हणाल्या, जसं काही उत्तर तपासलं.

माझ्या शेजारी बायको बसली होती. तिलाही हे पहिल्यांदाच कळत होतं. तिने पर्स उचलली, माझ्याकडे न बघता उठली आणि मागच्या रांगेत बाईंच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसली. बाईंनी पाय थोडे आत घेतले, तिला जागा व्हावी म्हणून. उरलेली सभा मी दोन्ही बाजूंच्या रिकाम्या खुर्च्यांमध्ये बसून ऐकली.

जुना ठराव खोडता येत नाही, असं सेक्रेटरी म्हणाले, पण पुढे दुरुस्ती लिहिता येते. मजकूर बाईंनी सांगितला, सेक्रेटरींनी लिहून घेतला. एकच वाक्य: बाथरूमचा दोष नव्हता. तिसऱ्या मजल्यावरच्यांनी, फोडाफोडीच्या आधी, घरातली सगळी यंत्रं तपासून पाहायचं ठरलं.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "मला तरी सांगायचंत."

"तू बाईंना सांगितलं असतंस."

"हो, सांगितलंच असतं," ती म्हणाली, आणि वर गेली. दोन तासांनी खाली आली. वर काय बोलणं झालं ते मला अजून कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाई स्वतः आमच्या दारात. मी "या" म्हटलं, त्या आल्या नाहीत. "सभेला वीसबावीस माणसं होती," त्या म्हणाल्या. "मी गळकी आहे हे मात्र दोन वर्षं सगळ्या आळीला माहीत होतं. त्यांचं काय?"

"लिहून काढतो," मी म्हणालो.

"काढा. आणि शेवटी, बाईंनी मोठ्या मनाने माफ केलं, असलं काही घालू नका. मी केलेलं नाही."

म्हणून ते घातलेलं नाही. दोघी आता पुन्हा संध्याकाळी फिरायला जातात. मी गॅलरीत उभा असलो, तर खालून जाताना त्यांचं बोलणं थांबतं. फाटकाबाहेर पडल्यावर हसणं ऐकू येतं.