रुईवरच्या अळ्या

मनुबाई मूळच्या शिराळ्याकडच्या. नवरा गेल्यावर कुपवाडला पंपांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत बागकामाला लागल्या. तण दिसलं की उपटायचं, हे त्यांचं काम. गेटपासून ऑफिसपर्यंतचं लॉन त्यांनी असं राखलं होतं, की पाहुणे आले की मालक आधी तेच दाखवत.

गेल्या वर्षी पर्यावरणाचं बघायला ज्ञानदा मॅडम आल्या. कारखान्यामुळे आसपासच्या पाखरांचं, किड्यामुंग्यांचं काय होतं, असं परदेशातलं गिऱ्हाईक विचारतंय म्हणे. मॅडमनी आल्या आल्या निम्मं लॉन काढायला लावलं आणि औषधाचा फवारा बंद केला.

"मावशी, या लॉनला नुसतं पाणी लागतं, पाखरांना त्याचा काही उपयोग नाही. रुई, आघाडा, टाकळा, असं इथलं वाढू द्या."

"आवं, त्यालाच आमी तण म्हणतो."

मॅडम हसल्या. पण कुंपणाजवळची घाणेरी मात्र त्यांनी मुळासकट काढायला सांगितली. ती परमुलखातली, दुसरं काही वाढू देत नाही म्हणे. घाणेरीवर तर फुलपाखरांची झुंबड असायची. ती काढायची आणि रुई राखायची, हे मनुबाईंना काही उमगेना. तरी सांगितलं तसं केलं.

पावसाळा सरता सरता रुई कमरेला लागली. मग एके सकाळी बघतात तर पानांची चाळण झालेली, आणि सगळीकडे पट्ट्यापट्ट्यांच्या अळ्या. मॅडम पुण्याला गेलेल्या. मनुबाईंनी डब्यात साबणाचं पाणी घेतलं आणि एकेक अळी वेचून त्यात टाकली. रुईच्या चिकानं बोटं चिकट झाली.

मॅडम परत आल्या त्या थेट रुईपाशीच गेल्या.

"पानं तर खाल्लेली दिसतायत, अळ्या कुठं गेल्या?"

"येचल्या. एक ठेवली न्हाई."

मॅडम कट्ट्यावर बसल्या. "मावशी, त्यांचीच फुलपाखरं होतात. घाणेरीवर ती फक्त मध प्यायला यायची. त्यांच्या अळ्या वाढतात त्या रुईवर."

"मग झाडाचं काय?"

"झाड पुन्हा फुटतं."

"मला तसं सांगायचं की वो."

"चुकलं माझं," मॅडम म्हणाल्या.

शेतात अळी दिसली की मारायची, हेच मनुबाईंनी जन्मभर केलं होतं. पाप लागलं की काम केलं, हेच कळेना.

पुढच्या आठवड्यात भंगार शेडमागे जेसीबी आला. कंपनीचं तेलकट पाणी मागच्या ओढ्यात जायचं, ते अडवून साफ करायला टाकी बांधायची होती. तिथल्या एका रुईवर मनुबाईंना तशाच अळ्या दिसल्या.

"थांब रं," त्यांनी जेसीबीवाल्या अर्जुनाला हात केला.

"का वो मावशी?"

"अळ्या हायत्या."

"मग?"

मनुबाईंनी मॅडमना बोलावून आणलं. मॅडम घोटाळल्या. टाकी नाही तर ओढ्यातले मासे मरणार, खोदावं तर अळ्या जाणार. शेवटी मनुबाईच म्हणाल्या, "फांद्या तोडून पुढं लॉनजवळच्या रुईला बांधू? तिला पालवी फुटलीया."

अळ्या जगतील का, हे मॅडमनाही नक्की ठाऊक नव्हतं. तरी दोघींनी फांद्या हातांवर तोलत पुढं नेल्या आणि सुतळीनं बांधल्या. शेडमागे खोदकाम सुरू झालं. काही अळ्या मेल्या, काही दिसेनाशा झाल्या. एका पानाखाली मात्र हिरवट, मण्यासारखं काहीतरी लटकलं. मॅडम म्हणाल्या, हा कोष. हात लावू नका.

मनुबाई रोज वाकून बघत. एके दिवशी त्याचं नुसतं पातळ टरफल उरलेलं.

"गेलं का मेलं?"

"उडून गेलं असेल," मॅडम म्हणाल्या.

मनुबाईंनी इकडंतिकडं पाहिलं. टाकळ्यावर दोन केशरी फुलपाखरं होती. त्यातलं आपलं कुठलं, का दोन्ही नव्हेतच, हे त्यांना कळेना. मग त्या पाण्याची नळी उचलून पुढं गेल्या.