इंग्रजीचा कटऑफ आणि आईचं ‘म्हंजी काय गं?’

मंगळवारी मी आणि आई इंदापूरला तहसील कचेरीत दाखल्यासाठी गेलो होतो. परत स्टँडवर आलो आणि मोबाईल वाजला. एमबीए कॉलेजचा मेल... उघडायला हात धजेना.

आधी मागच्या वर्षीची फजिती सांगते. दहावीला माझं इंग्रजी कच्चंच होतं, पण बेस्ट ऑफ फाइव्हनं तारलं. सहापैकी सगळ्यात कमी मार्कांचा विषय बाजूला, उरलेल्या पाचांचे टक्के... तेच डोक्यात बसलं. मागच्या वर्षी एमबीएच्या एन्ट्रन्सलाही वाटलं, गणितात झोडपून काढू, टोटल भारी आली की झालं.

टोटल आली हो भारी! माझ्या वडिलांनी, अण्णांनी, आमच्या अख्ख्या डाळज गावात पेढे वाटले. मग कळलं की मला हव्या त्या कॉलेजांत प्रत्येक सेक्शनचा वेगळा कटऑफ असतो आणि मी इंग्रजीतच आडवी झालेय. एकाही ठिकाणाहून इंटरव्ह्यूचा कॉल नाही. पेढे खाल्लेले लोक "कुठलं कॉलेज?" विचारायचे आणि मी तोंड लपवायचे.

अण्णा म्हणाले, "आणखी एकच वर्ष. न्हायतर नोकरी बघायची."

आई सातवी शिकलेली. शेतातल्या शेडमध्ये पेरूची निवड करताना, लहान-मोठे वेगळे काढत म्हणाली, "तुझं ते इंग्रजी हितं बसून मोठ्यानं वाच." मी इंग्रजी पेपरातले लेख वाचायचे आणि दर चार ओळींना तिचं ठरलेलं... "म्हंजी काय गं?"

मी शब्दाला मराठी शब्द लावून मोकळी व्हायचे. तर म्हणायची, "शब्द न्हाय इचारलं. त्या मानसाला म्हनायचंय काय?" फार चिडायचे मी. पण एन्ट्रन्सला उताऱ्याखाली नेमकं हेच तर विचारतात! वर्षभर रोज चाललं हे.

...मेल उघडला. ॲडमिशन झाली होती. टोटल मागच्या वर्षीपेक्षा थोडी कमीच होती यंदा, पण इंग्रजीनं कटऑफ ओलांडला, म्हणूनच तर इंटरव्ह्यूचा कॉल आला होता. स्टँडवरच आईला मिठी मारली. लोक बघत होते, बघू देत.

एसटीत आईनं खिडकीची जागा धरली. मग खिडकीकडं बघत म्हणाली, "तू गेल्यावर मला कोन वाचून दाखवनार?"

मला वर्षभर वाटत होतं, ती माझा अभ्यास घेतेय... तिला स्वतःलाही ते सगळं ऐकायचं असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. लाज वाटली आणि रडूही आलं.

थँक यू, आई. हॉस्टेलवरून रोज संध्याकाळी फोन करेन, पेपर हातात घेऊनच.